पेजेची वहिवाट

हाँगकाँगमधलं एखादं जुनं कँटोनीज, म्हणजे दक्षिण चिनी पद्धतीचं, हॉटेल बंद होणार अशी पाटी लागली, की पुढचे आठ-पंधरा दिवस काय घडणार हे आता तिथल्या लोकांना पाठ झालं आहे. दाराबाहेर रांगा लागतात. दहा-दहा वर्षं तिकडे न फिरकलेली माणसं शेवटची वाटी खायला येतात, पंख्यांचे, खुर्च्यांचे, फरशीचे फोटो काढतात. मग वाद पेटतो. एक बाजू म्हणते, शहराचा आत्मा गेला. दुसरी म्हणते, धंदा होता, परवडला नाही, मिटला. हॉटेलं उघडतात आणि बंद होतात. २०२२च्या उन्हाळ्यात हा वाद लागोपाठ तीनदा झाला. जूनमध्ये आबर्डीनच्या बंदरातलं, १९७६ पासूनचं जम्बो हे तरंगतं हॉटेल ओढून नेलं जात असताना दक्षिण चिनी समुद्रात उलटलं. जुलैत याउ मा तेईमधल्या देवळासमोरचं, १९५० सालचं मिडो कॅफे बंद झालं. ऑगस्टमध्ये वेलिंग्टन स्ट्रीटवरच्या लिन हेउंग या चहाघराचा दरवाजा खाली आला. पहिला पर्यटकांना दिपवण्यासाठी उभारलेला महाल, दुसरं गल्लीतलं चहा-पावाचं ठिकाण, तिसरी म्हाताऱ्या माणसांची सकाळची बैठक. तिघांसाठी शोक मात्र एकाच शब्दांत झाला. इतक्या वेगळ्या तीन गोष्टी गेल्यावर एकच वाक्य तोंडात येत असेल, तर नेमकं काय गेलं हे बोलणाऱ्यांना तरी कळलं आहे का?

माझ्या मते दोन्ही बाजूंचं बोट चुकीच्या जागी आहे. एक पाककृतीला ओळख समजते, दुसरी ताळेबंदाला. अशा हॉटेलाची स्थानिक ओळख असते ती त्याच्या वहिवाटीत. शेतातल्या पायवाटेवरचा हक्क सांगताना आपल्याकडचा माणूस आधी कागद काढत नाही. तो म्हणतो, आमची इथून वहिवाट आहे. त्याच माणसांनी त्याच जागेचा रोजच्या रोज केलेला वापर हाच त्याचा पुरावा. हॉटेलाचंही तसंच आहे. आणि ही वहिवाट जिभेवर मोडत नाही. ती मोडते भाडेकरारात, परवान्याच्या अटींत आणि गिऱ्हाइकाचं बिऱ्हाड उठवलं जातं तेव्हा. ओळख वाचवायची भाषा करणाऱ्यांनी वाद तिथे न्यायला हवा होता. तो तिथे जातच नाही.

हे अन्न कसलं आहे ते आधी सांगायला हवं, कारण ‘चायनीज’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाल तिखट शेजवान येतं, आणि कँटोनीज घरगुती जेवण बरोबर त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्याच्या मुळाशी आहे जूक, म्हणजे पेजच. तांदूळ इतका शिजवायचा की दाणा वेगळा राहत नाही. मग त्यात माशाचे पातळ काप, किंवा डुकराचं मांस आणि क्षारात मुरवलेलं काळं अंडं. वर आल्याच्या काड्या, कांद्याची पात. सोबतीला याउ जा ग्वाई ही तळलेली, आतून पोकळ, लांब काडी. नावाचा अर्थ तळलेलं भूत. लोककथा सांगते की सोंग काळातल्या छिन ह्वेई या दगाबाज मंत्र्यावरचा राग लोकांनी असा कढईत काढला. कोकणात पेज आजाऱ्याला देतात आणि शेतावर राबणाऱ्यालाही देतात. जूकचं नेमकं तसंच आहे: तापातून उठलेल्याचं ते जेवण आहे आणि पहाटे बाजारात हमाली करणाऱ्याचंही. याच घराण्यात मातीच्या भांड्यातला भात येतो, त्याच्या तळाची कुरकुरीत खरपुडी शेवटी खरवडून खायची असते. या अन्नात दिपवण्यासारखं काही नाही. सवय व्हावी म्हणूनच ते केलेलं असतं, आणि म्हणून त्याच्याबद्दल बोलताना चवीची वर्णनं फार लांब नेत नाहीत.

आता विरोधी मुद्दे. त्यातले काही खरोखर वजनदार आहेत.

पहिला मुद्दा शुद्धतेचा. ज्याला तुम्ही परंपरा म्हणता ते चा चान तेंग, म्हणजे ‘चहा-जेवणाचं दालन’, जेमतेम सत्तर-ऐंशी वर्षांचं आहे आणि त्यातलं निम्मं जेवण इंग्रजांची नक्कल आहे, असं म्हटलं जातं. माहिती म्हणून यात काहीच खोटं नाही. १९४५ साली सहा लाखांच्या आसपास असलेली हाँगकाँगची वस्ती पुढच्या काही वर्षांत वीस लाखांच्या वर गेली; चीनमधली यादवी आणि १९४९चं सत्तांतर यांमुळे तिथल्या मुख्य भूमीवरून माणसांचे लोंढे आले. साहेबाच्या हॉटेलात बसणं या माणसांना शक्य नव्हतं. त्यांच्यासाठी आधी बिंग सत, म्हणजे थंड पेयांची छोटी दुकानं, आणि मग चा चान तेंग उभी राहिली. ताजं दूध महाग, म्हणून डब्यातलं आटवलेलं दूध. सिलोनी चहाच्या दोन-चार प्रतींची भुकटी एकत्र करून कापडी पिशवीतून पुन्हा पुन्हा ओतलेला चहा. पिशवीचा रंग मोज्यासारखा झाला म्हणून त्याला ‘मोज्याचा चहा’ हे नाव पडलं. गेज स्ट्रीटवरच्या ज्या लान फोंग युएनचं नाव या चहाशी जोडलं जातं, तो १९५२ साली रस्त्यावरचा एक ठेला होता. मॅकरोनी सुपात टाकली, त्यावर हॅमच्या पट्ट्या. चहा आणि कॉफी एकाच कपात मिसळून युएनयेउंग केलं. नक्कल होती, पण गरजेतून आणि टंचाईतून केलेली, आणि करता करता मूळ मालकालाही ओळखू येऊ नये इतकी बदललेली. वहिवाट व्हायला शंभर पिढ्या लागतात असं कुणी सांगितलं? आपल्या उपासाचा बटाटा दक्षिण अमेरिकेतून आला आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदही तिथलाच. म्हणून आषाढी एकादशीची खिचडी परकी ठरवायला कुणी धजेल का?

आणि जिथे ही नक्कल संपते तिथे भाषा सुरू होते. चा चान तेंगमधला वेटर ऑर्डर लिहितो ती कँटोनीजच्या खास आडबोलीत. ‘लेंग जाय’, देखणा पोरगा, म्हणजे साधा पांढरा भात. ‘हांग गाय’, रस्त्यावर फिरायला जाणं, म्हणजे पार्सल. ‘फेइ सा जाउ नाय’, वाळू उडव, दूध पळव, म्हणजे साखर नको, दूध नको. दुपारच्या चहाच्या वेळेला म्हणतात ‘साम दिम साम’: तीन वाजून तिसरा आकडा, म्हणजे सव्वातीन, कारण घड्याळाच्या तबकडीवरचा एकेक आकडा पाच मिनिटांचा. बांधकामावरच्या मजुरांची ती सुट्टीची वेळ, आणि त्या वेळेपुरता हॉटेलात स्वस्त चहा-फराळाचा वेगळा बेत असतो. शाम शुई पोमधल्या एका चा चान तेंगात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा वेटरनं मला तीन अनोळखी माणसांच्या टेबलावरच्या चौथ्या खुर्चीत बसवलं. दाप तोई, टेबल वाटून घेणं, ही तिथली रीत. माझ्यासमोरच्या आजींनी वर न बघता साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं. शब्द एकही नाही. त्या वीस मिनिटांत मी त्या मोहल्ल्याचा होतो. तो चहा जगात कुठेही करता येईल. ती खुर्ची कुठे नेणार?

याच जागी साखळी हॉटेलांचा मुद्दा येतो, आणि तोही उडवून लावण्यासारखा नाही. त्सुइ वाह १९६७ साली मोंग कॉकमधल्या एका बिंग सतमधून सुरू झालं आणि २०१२ मध्ये शेअर बाजारात आलं. पदार्थ टिकले, कामगारांना महिन्याच्या महिन्याला पगार, स्वयंपाकघर स्वच्छ. हाँगकाँग सोडून गेलेल्यांनी तर हे अन्न समुद्रापार नेलं. २०२१ पासून ब्रिटनच्या नव्या व्हिसावर गेलेल्या कुटुंबांमागोमाग दूधचहा आणि अननस-पाव तिकडच्या गावांत पोहोचले. परक्या मुलखात तो पहिला घोट घेताना ज्याच्या डोळ्यांत पाणी येतं त्याला मी ‘हे खरं नव्हे’ असं सांगणार नाही. पण यातून सिद्ध काय होतं? पाककृती वाचवायला कुणाची मदत लागत नाही. ती मूठभर मसाल्यासारखी बॅगेत जाते. मग गल्लीतलं हॉटेल बंद होताना जे हरवतं ते पाककृती नसलं पाहिजे, इतकं तरी दोन्ही बाजूंनी मान्य करावं.

सर्वांत कठीण मुद्दा तिसरा आहे. ज्यांची ही ओळख म्हणता तेच लोक आता शनिवार-रविवारी सीमा ओलांडून मुख्य चीनमधल्या शेनझेन शहरात जेवायला जातात. करोनाच्या साथीत बंद झालेली सीमा २०२३ मध्ये पुन्हा उघडल्यापासून उत्तरेकडे जाणारी ही गर्दी सगळ्यांनी पाहिली आहे. शेनझेनमध्ये तोच डिमसम, म्हणजे चहासोबत खायचे छोटे वाफवलेले-तळलेले पदार्थ, निम्म्या-पाऊण दरात, बसायला ऐसपैस जागा, वेटर वसकन अंगावर येत नाही. शिवाय चा चान तेंग चालवणाऱ्यांची मुलं बारा-बारा तास पाण्याच्या वाफेत उभी राहायला तयार नाहीत, आणि ती का असावीत? दुसऱ्याच्या मुलानं कढईसमोर आयुष्य काढावं म्हणजे आपल्याला जुन्या आठवणींचा चहा मिळेल, ही मागणी माणुसकीची नाही. हे मी पूर्ण मान्य करतो. ओळखीच्या नावाखाली कुणाच्या गळ्यात कष्टाचं जोखड अडकवता येणार नाही. पण शेनझेनला लोक का जातात? त्यांची जीभ बदलली म्हणून? ते तिकडे जाऊनही कँटोनीज जेवणच मागवतात. ते जातात कारण आपल्या गल्लीतल्या वाटीच्या किमतीत जागेचं भाडं मिसळलेलं आहे. आणि पोरं धंद्यात का येत नाहीत? बारा तासांच्या कमाईतला मोठा वाटा महिनाअखेर जागामालकाच्या दारात जातो, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. म्हणजे ज्याला ‘बाजाराचा कौल’ म्हटलं जातं तो चवीबद्दलचा कौल नाहीच. तो जमिनीबद्दलचा आहे.

आणि हाँगकाँगच्या जमिनीबद्दल बोलताना ‘मोकळा बाजार’ हा शब्द जपून वापरावा. त्या शहरात सेंट जॉन्स कॅथीड्रल या एका चर्चची जागा सोडली तर सगळी जमीन सरकारची आहे; बाकी सगळे पट्टेदार. किती जमीन कधी विकायला काढायची हे सरकार ठरवतं, आणि त्या विक्रीतून तिजोरी भरते. सरकारी वसाहतींमधली दुकानं आणि वाहनतळ २००५ साली लिंक नावाच्या गुंतवणूक न्यासाला विकले गेले, तेव्हापासून वसाहतीच्या तळमजल्यावरची साधी हॉटेलं भाडेवाढीनं उठल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. जिथे तबकडीवरचे आकडेच सरकारनं मांडले, तिथे घड्याळानं दाखवलेल्या वेळेला निसर्गाचा नियम कसं म्हणायचं?

याहून स्पष्ट पुरावा हवा असेल तर दाई पाई दोंगचा इतिहास पाहावा. मला वाटतं या सगळ्या वादात हा इतिहास आधी सांगायला हवा होता, आणि तोच सर्वांत कमी सांगितला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर मृत आणि जखमी सरकारी नोकरांच्या कुटुंबांना पोट भरता यावं म्हणून सरकारनं त्यांना रस्त्यावर अन्नाचे ठेले टाकायचे परवाने दिले. परवाना आकारानं मोठा, परवानाधारकाच्या फोटोसह समोर लावावा लागे. म्हणून लोकांनी नाव पाडलं, ‘मोठ्या परवान्याचा ठेला’. म्हणजे शहराच्या या अतिशय लाडक्या खाद्यसंस्थेचा जन्मच सरकारी कागदातून झाला. मृत्यूही तिथूनच आला. रहदारी अडते, गटारं तुंबतात, परवाने काळ्या बाजारात भाड्यानं जातात, अशा तक्रारी वाढल्या. त्या बऱ्याच अंशी खऱ्याही होत्या. सरकारनं नवे परवाने देणं थांबवलं आणि जुन्यांवर अट घातली: धारक मेला तर परवाना फक्त त्याच्या जोडीदाराकडे जाईल. जोडीदार नसेल तर परवाना संपला. मुलगी नाही, मुलगा नाही, तीस वर्षं शेजारी उभं राहून वाट्या विसळणारा गडी तर नाहीच. १९८३ पासून सरकारनं पैसे देऊन परवाने परत घ्यायलाही सुरुवात केली. आज असे ठेले दोन डझनांहूनही कमी उरले आहेत. हे गिऱ्हाइकांनी पाठ फिरवल्यामुळे झालं का? २००५ साली एल्गिन स्ट्रीटवरचा मान युएन हा नूडल्सचा ठेला बंद झाला तेव्हा तो खाणाऱ्यांनी भरलेला होता. परवानाधारक गेला होता, एवढंच. एखादं झाड वठलं असं आपण म्हणतो तेव्हा पाणी कुणी तोडलं हे विचारायला नको?

इथे सरकार म्हणू शकतं की आम्हीच तर वारशाची यादी केली. केली खरी. २००६ च्या डिसेंबरात जुन्या स्टार फेरी धक्क्याचा घड्याळमनोरा पाडला गेला, तेव्हा तरुण मुलं तिथे ठाण मांडून बसली होती आणि ‘सामूहिक स्मृती’ हा शब्द घराघरांत पोहोचला. (ही फेरी सुरू करणारे दोराबजी नवरोजी मिठाईवाला मुंबईहून गेलेले पारशी, शहराची स्मृती कुठून कुठून गोळा होते ते यात दिसतं.) पुढे २०१४ मध्ये अमूर्त वारशाची ४८० नोंदींची यादी निघाली. तिच्यात दूधचहा, अननस-पाव आणि अंड्याचा टार्ट करण्याची कला आली. २०१७ मध्ये त्यातल्या निवडक वीस गोष्टींत दूधचहाला मान मिळाला. चहा ओतणाऱ्या कारागिरांना त्याचा आनंद झाला असेल, आणि तो व्हावाच. पण यादीत काय नोंदलं गेलं? कला. म्हणजे पुन्हा पाककृतीच. चहा ओततात ती जागा, त्या जागेचं भाडं, सव्वातीनला येऊन बसणारा सुतार, यांना यादीत रकाना नाही. मिडो बंद झालं तेव्हा दूधचहा पाच वर्षांपासून त्या मानाच्या यादीत होता.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. गिरणगावातल्या खाणावळी आठवाव्यात. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार महिन्याच्या बोलीवर तिथे जेवत. दोन खोल्यांच्या घरात बायका पंधरा-वीस माणसांचं रांधत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना बांधली. तिथेही एक चव होती, एक बोली होती, कुणाचं जेवण झाकून ठेवायचं हे माहीत असलेली माणसं होती. मग १९८२चा संप झाला, गिरण्या मोडल्या, जमिनी विकल्या गेल्या, कामगार गावी किंवा विरार-बदलापूरकडे पांगले. त्या खाणावळींच्या आमटीची चव बिघडली होती का? आमटी तीच होती. जेवणारा उठवला गेला. आज त्याच भागातल्या महागड्या हॉटेलात ‘गिरणगाव थाळी’ मिळाली तरी ती खाणावळ परत आली असं मी म्हणणार नाही.

मुंबईचंच उदाहरण माझ्यावर उलटवता येतं, हेही सांगतो. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं जुनी भाडी गोठवली. कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलांना त्यामुळे दम धरता आला. पण त्याच कायद्यानं मालकांनी दुरुस्ती सोडली, इमारती टेकूंवर आल्या, पागडीचे व्यवहार अंधारात गेले. हाँगकाँगनं हे करावं असं मी म्हणत नाही. गोठवलेलं भाडं आणि बेबंद भाडं यांच्यामध्ये खूप जागा आहे. करार संपल्यावर नूतनीकरणाचा पहिला हक्क जुन्या भाडेकरूचा असावा, वाढीला मर्यादा असावी. सरकारच्या ताब्यातल्या मंडयांमध्ये वरच्या मजल्यावर शिजवलेल्या अन्नाची दालनं आजही गजबजलेली आहेत. रस्त्यावरून उठवलेल्या काही ठेल्यांना तिथे आसरा मिळाला. ट्यूबलाइटच्या उजेडात, प्लॅस्टिकच्या स्टुलांवर, फोटोला फारशी न साजणारी ती जागा आहे, पण पेज रोज शिजते आणि रोजचीच माणसं खातात. वहिवाट टिकली ती अशा ठिकाणी, आणि ती टिकवायला ४८० नोंदींची यादी लागली नव्हती.

लिन हेउंगची गोष्ट यासाठीच मला महत्त्वाची वाटते. ग्वांगझोउमध्ये १८८९ साली सुरू झालेलं हे नाव, हाँगकाँगमध्ये शतकभर रुजलेलं. २०१९च्या सुरुवातीला भाडेकरार संपला आणि चहाघर मिटणार असं जाहीर झालं. तेव्हा पुढे आले ते तिथले नोकर. त्यांनी नाव थोडं बदलून तीन वर्षांचा करार मिळवला, आणि डिमसमच्या गाड्या पुन्हा टेबलांमधून फिरू लागल्या. साथीच्या काळात, २०२२ मध्ये, त्यांचंही बळ संपलं. २०२४ मध्ये ते नाव त्याच पत्त्यावर परत लागलं आहे, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण त्या मधल्या तीन वर्षांबद्दल जितकं बोलायला हवं तितकं कुणी बोललं नाही. मालकानं सोडलेली जागा गाडी ढकलणाऱ्यांनी आणि चहाच्या किटल्या वाहणाऱ्यांनी धरून ठेवली. कुठल्या गिऱ्हाइकाला कुठली खुर्ची लागते हे त्यांनाच माहीत होतं. परवान्याचा कायदा त्यांना ओळखत नाही, भाडेकरार त्यांना ओळखत नाही, वारशाची यादीही ओळखत नाही. दाई पाई दोंगच्या नियमात ‘जोडीदार’ हा एकच वारस मानला गेला. त्याच्याखाली आणखी एक ओळ हवी: इथे किती वर्षं काम केलं?